खिडकीतील पाटी आणि शेजारधर्माची किंमत



शाळा सुटल्यावर एकटे घरी निघालेले मूल मागून येणाऱ्या माणसाला घाबरले, आणि घर अजून दूर असेल, तर त्याने कोणाचे दार ठोठावावे? कॅनडाच्या ओन्टॅरिओ प्रांतातील लंडन या शहरात १९६८ साली या प्रश्नाला एक उत्तर मिळाले. शहरात मुलांच्या हत्या झाल्या होत्या आणि आईबाप हवालदिल झाले होते. त्यातून 'ब्लॉक पेरेंट' ही योजना उभी राहिली.

तिची रीत साधी होती. तयारी दाखविणाऱ्या घरातील सर्व प्रौढांची पोलीस चौकशी करीत. मग खिडकीत लाल-पांढरी पाटी लागे. घरात कोणी नसेल तेव्हा ती काढून ठेवावयाची. संकटातील मुलाने पाटी पाहून दार ठोठवावे, घरच्या बाईने त्याला आत घ्यावे, धीर द्यावा आणि पोलिसांना कळवावे. हल्लेखोरामागे धावणे तिच्याकडून अपेक्षित नव्हते. मोबदलाही नव्हता. पाहता पाहता योजना देशभर पसरली. मध्यमवर्गीय परोपकार म्हणून तिची हेटाळणी करणे चुकीचे ठरेल. परक्याच्या मुलासाठी दार उघडणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु दुपारी तीन वाजता ते दार उघडावयास घरी कोण होते? गृहिणी. सोळा वर्षांखालील मुले असलेल्या कॅनडातील जोडप्यांपैकी १९७६ साली ३६ टक्के कुटुंबांत दोघेही कमावते होते. २०१५ साली हे प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले. पाट्या उतरत गेल्या. शेजारी स्वार्थी झाले, असे याचे स्पष्टीकरण सहज दिले जाते. ते वरवरचे आहे. एका वेतनात संसार भागेना, आणि स्त्रियांना स्वतःची कमाईही हवी होती. ती त्यांनी मिळविली, हे पुढचे पाऊलच होय. मागे राहिले ते शासन. स्त्रीचे घरातील श्रम फुकट आणि अखंड मिळत राहतील, या गृहीतकावर बालसंरक्षणाचा एक भाग सोपविलेला होता. ते श्रम मिळेनासे झाले, तेव्हा त्यांची जागा भरावयास कोणी आले नाही. क्वेबेक प्रांताने १९९७ साली स्वस्त पाळणाघरे सुरू केली; सबंध देशासाठी तशी तरतूद होण्यास २०२१ चा अर्थसंकल्प उजाडावा लागला.

आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या दशकांत या पाट्या लागत होत्या, त्याच दशकांत त्या देशाचे शासन आदिवासी मुलांना त्यांच्या घरांतून उचलून गोऱ्या कुटुंबांच्या हवाली करीत होते. त्या मुलांच्या दारात धोका सरकारी कागद घेऊनच येई. पोलिसांनी पारखलेली खिडकी त्यांना कसला आसरा देणार? जिथे घातकी माणूस घरातलाच किंवा ओळखीचा असतो, तिथेही रस्त्यावरची पाटी अपुरी पडते. आणि आपल्या देशातील बाललैंगिक अत्याचारांच्या नोंदी पाहिल्या, तर बहुसंख्य प्रकरणांत आरोपी मुलाच्या परिचयाचाच आढळतो.

आपल्याकडे ही खिडकी कोणती? १९७५ साली सुरू झालेली अंगणवाडी. वस्तीतील कोणते मूल उपाशी आहे, कोणाच्या अंगावर वळ आहेत, कोणती पोर अचानक येईनाशी झाली, हे सर्वप्रथम अंगणवाडी सेविकेला कळते. तिलाही शासनाने 'स्वयंसेविका' म्हटले आणि वेतनाऐवजी मानधन दिले. तिला कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने केली. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मान्य केला, तोही तिला भांडूनच मिळवावा लागला.

तेव्हा शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून परतेपर्यंत वस्तीत एक दार मुलांसाठी उघडे राहील, याची व्यवस्था शाखांनी जरूर करावी. मात्र त्याच बैठकीत पाळणाघरांची आणि सेविकांच्या वेतनश्रेणीची मागणी ठरावाद्वारे मांडली जावी, आणि तो ठराव घेऊन जाणाऱ्या शिष्टमंडळात त्या सेविका अग्रभागी असाव्यात.