खऱ्या जगावर चढलेला थर

संवर्धित वास्तव, म्हणजेच ऑगमेंटेड रिॲलिटी, या तंत्रात डोळ्यांसमोरचे जग तसेच राहते आणि त्यावर संगणकाने काढलेली चित्रे, अक्षरे किंवा खुणा चढतात. आभासी वास्तव माणसाला दुसऱ्याच जगात नेते. संवर्धित वास्तव त्याला आहे तिथेच उभे ठेवते. आज मीरा-भाईंदरमध्ये पदवी घेणाऱ्या स्नातकांपैकी बहुतेकांच्या खिशात हे तंत्र आधीच आहे. २०१७ मध्ये ॲपलने एआरकिट आणि गूगलने एआरकोअर आणले, तेव्हापासून त्याला नेहमीचा स्मार्टफोन पुरतो.

सुरुवात १९६८ ची. हार्वर्ड विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचे एक यंत्र बनवले. ते इतके जड होते, की छताला टांगावे लागले. अर्धपारदर्शक आरशांतून खोली दिसे आणि तिच्यात रेषांचा एक घन तरंगे. मान वळवली की घनाची दुसरी बाजू समोर येई. या तंत्राला नाव मिळाले ते मात्र १९९० च्या सुमारास, आणि तेही कारखान्यात. बोइंग विमानांसाठी कामगार मोठमोठ्या फळ्यांवर तारांचे जुडगे बांधत. जुडगा बदलला की आखणी बदले, आणि फळीही दुसरी लागे. टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी सुचवले, की फळी कोरीच ठेवावी आणि तार कुठून न्यायची ते कामगाराच्या डोळ्यांवरच्या पडद्यात दाखवावे. हाताने काम करणाऱ्याच्या अडचणीतून हे नाव जन्मले, हे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भाईंदरने विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९९७ मध्ये रोनाल्ड अझुमा यांनी तीन अटी घातल्या: खरे आणि कृत्रिम एकत्र दिसावे, प्रतिसाद तत्काळ मिळावा, आणि चित्र त्रिमितीत आपल्या जागी बसावे. तिसरी अट सर्वांत कठीण. कॅमेरा भिंतीचे कोपरे, फरशीचे सांधे असे ठळक बिंदू हेरतो, संवेदक फोन किती वळला ते सांगतात, आणि दोहोंच्या मेळातून फोनची जागा क्षणोक्षणी काढली जाते. किंचित उशीर झाला तरी चित्र घसरते.

२०१६ च्या पोकेमॉन गो या खेळाने हे तंत्र घराघरांत नेले, पण त्याची खरी किंमत कामाच्या जागी कळते. रुग्णालयात अवरक्त प्रकाशाने शीर शोधून तिचा नकाशा त्वचेवरच पाडणारी यंत्रे आहेत. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या प्रणव मिस्त्री यांनी २००९ मध्ये ‘सिक्स्थ सेन्स’ या यंत्रातून भिंत आणि तळहात यांचाच पडदा केला. शेजारच्या ठाण्यात अजनालेन्स ही कंपनी संवर्धित वास्तवाचे चष्मे घडवते.

घरचे उदाहरण घोडबंदर किल्ल्याचे. पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला हा किल्ला जुन्या रूपात फोनवर उभा करता येईल. मात्र उपग्रहावरून कळणारी फोनची जागा काही मीटरने चुकते, आणि तेवढ्याने सबंध तट सरकलेला दिसतो. म्हणून घोडबंदरच्या बुरुजांचे दगड आधी मोजावे लागतात.