उन्हातील अक्षरे

श्रोतेहो, भर दुपारी अंगणात उभे राहिले की मोबाइलवरचा मजकूर पुसट होतो, हा अनुभव आपणां सर्वांचाच आहे. आपण चार पावले सावलीत सरकतो आणि अडचण सुटते. परंतु उघड्या शेतात हद्द मोजणाऱ्या भूकरमापकास ती सोय नाही. बांध काही सावलीत सरकत नसतो.

जुन्या थिओडोलाइटच्या काळी ही अडचण फारशी नव्हती. धातूच्या वर्तुळावर कोरलेले अंश दिवसाच्या उजेडातच वाचावयाचे असत. छत्री धरीत ती यंत्र तापू नये म्हणून. आजच्या यंत्रांचे अंक मात्र पडद्यामागील दिव्यावर उजळतात, आणि त्या दिव्याची गाठ प्रत्यक्ष सूर्याशी पडते.

थोडा हिशेब पाहू. काचेचा पृष्ठभाग आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ४ भाग परत पाठवितो. आकाशाचे तेज ५,००० एकक धरले, तर हे परतलेले तेज २०० एकक होते. साध्या पडद्याचा पांढरा रंग असतो ३०० एककांच्या आसपास. म्हणजे पांढऱ्याची बेरीज ५०० आणि काळ्याची २००! काळे हे काळे उरतच नाही. मग अक्षर उठून दिसावे कसे?

यात धोका कोणता? उपग्रहांच्या साह्याने स्थान ठरविणारे यंत्र आपले उत्तर पक्के की कच्चे, हे पडद्यावरील एका लहानशा शब्दाने सांगते: ‘फिक्स’ किंवा ‘फ्लोट’. पक्क्या उत्तरातील चूक सामान्यतः दोनचार सेंटिमीटरांची. कच्च्यातील वीतभर किंवा अधिकही असू शकते. तो शब्द न दिसता दगड रोवला गेला, तर वीतभर जमीन इकडची तिकडे जाते. आणि तेवढ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, हे आपणांस सांगावयास नको.

उपाय आहेत. काच व पडदा यांमधील पोकळी पारदर्शक द्रव्याने भरली की आतली परावर्तने बहुतांशी नाहीशी होतात. पडद्याचे तेज हजार एककांपर्यंत वाढविता येते. मात्र बॅटरी लवकर संपते व यंत्र तापते. काही पडदे तर सूर्याचाच प्रकाश परतवून त्यावर उजळतात. खर्च न करता करावयाचे म्हणजे पांढऱ्या भूमीवर काळी अक्षरे ठेवावी, आणि पांढऱ्या सदऱ्याचे प्रतिबिंब काचेत उतरते म्हणून गडद कपडे घालावे.

आपल्या जमिनीची मोजणी असेल त्या दिवशी, श्रोतेहो, एक छत्री बरोबर न्यावी. तिची सावली पडद्यावर धरावी, तो शब्द मोजणीदाराबरोबर आपणही वाचावा, आणि मगच दगड रोवू द्यावा.