आधी घरची माय



दर वेळी आपण हप्ते, व्याज, शेळ्या-कोंबड्या यांवर बोलतो. आज आमच्या गटात एका आजींनी मागितलेल्या दोन हजार रुपयांबद्दल बोलायचं आहे.

आमच्या गटात अकरा जणी. सात ख्रिस्ती, चार इतर समाजाच्या. महिन्याला शंभर रुपये बचत. जानेवारीच्या बैठकीत सगळ्यांत वयस्कर आजींनी अंतर्गत कर्ज मागितलं. कशाला? बीपी-शुगरच्या गोळ्या आणि किराण्याची उधारी. कारण लिहिताना सचिवताईंचा हात थांबला. आजींचा मुलगा एमआयडीसीत पर्मनंट आहे. नाताळात त्यानं देवळाच्या पत्र्यांसाठी अकरा हजार दिले. उपासनेत नाव वाचलं, टाळ्या झाल्या. आजींनीही टाळ्या वाजवल्या होत्या.

एक ताई म्हणाली, "देवाला दिलं, त्यात वाईट काय?"

दुसरी म्हणाली, "देवळाला पत्रे आणि आईला उधारी?"

आजी म्हणाल्या, "बायांनो, माझ्या लेकाला नावं ठेवू नका. कर्ज द्यायचं तर द्या."

कर्ज दिलं. गोळ्या थांबवून चालत नाही. पण प्रश्न मनातून जाईना. पुढच्या बैठकीत आम्ही बायबल उघडलं.

पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय. आठव्या वचनाचा अर्थ असा, की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही, त्याचा विश्वास नुसता तोंडचा. हे आपण उपदेशात पुष्कळदा ऐकतो. तेव्हा डोळ्यांपुढं येतो कमावता नवरा, बायको आणि लेकरं. पण अध्याय वरून नीट वाचला तर तिथं विषय चाललाय विधवांचा. जिला मुलं-नातवंडं आहेत तिचं त्यांनी आधी बघावं, आईबापांचं ऋण घरातच फेडायला शिकावं. सोळाव्या वचनात विश्वासी बाईलाही हेच सांगितलंय. का? तर मंडळीवर भार पडू नये आणि जिला खरोखर कोणीच नाही, तिच्यापर्यंत मदत पोचावी. त्या वेळी मंडळीत विधवांची यादी असे आणि तिच्यात नाव लागायला वय साठ लागे. म्हणजे आपल्या गटासारखंच. पेटीत पैसा थोडा, गरजू जास्त.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूनंही याच दुखण्यावर बोट ठेवलंय. काही लोक आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणत, म्हणजे देवाला वाहिलेलं, आणि आईबापांना काही मिळत नसे. येशूनं त्यांना चांगलंच खडसावलं. आणि स्वतः वधस्तंभावर असताना आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली केलं. एवढ्या यातनेत आईची सोय आठवली.

म्हणून मंडळीला देऊ नये असं नाही. द्यावं, मनापासून द्यावं. पण आईच्या गोळ्यांचे पैसे बाजूला काढून मग द्यावं.

एक ताई म्हणाली, "आमची ऊसतोडीची उचलच फिटत नाही, आम्ही कुठून देणार?" खरं आहे. ज्याच्याकडं नाही त्यानं कर्ज काढून द्यावं असं कोणी म्हणत नाही. अर्धी भाकरी, दवाखान्यात सोबत, जवळ बसून दोन शब्द, हेही घरच्यांचं बघणंच आहे. मग आम्ही एकमेकींना विचारलं, सासूच्या गोळ्या कधी संपणार हे कोणाकोणाला माहीत आहे? आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या माना खाली गेल्या.

रविवारी मुलगा गावी आला. आजींना विचारून आमच्यातल्या दोघी घरी गेलो. चारचौघांत बोललो नाही. फक्त वही दाखवली. नाव, रक्कम, कारण. तो बराच वेळ वहीकडं बघत राहिला. म्हणाला, "आई, तू कधी बोलली नाहीस."

आजी म्हणाल्या, "तू कधी विचारलंस?"

तेव्हापासून तो दीड हजार पाठवतो. एप्रिलचे चुकले, मे महिन्यात दोन्हींचे आले. कर्जाचे हप्तेही तोच भरतो.

सगळीकडं असं होत नाही. कुठं मुलगा दारातच उभं करत नाही. तिथं कायदा आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, 2007. तो सगळ्या धर्मांना लागू आहे. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी हे सगळं निर्वाहात येतं. ऐपत असून मुलं बघत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यासाठी वकील लागत नाही. कायद्यानुसार महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइनही आहे. पण आधी घरात बोलावं, मग नात्यातल्या जाणत्या माणसाला घ्यावं, आणि नाहीच जमलं तर अर्ज करावा. अर्ज केला म्हणजे माया संपली असं नाही.

आमच्या वहीत आता एक रकाना वाढवलाय, "घरातल्या म्हाताऱ्या माणसाची औषधं". बैठकीत बचत जमा करायच्या आधी प्रत्येकीनं तेवढं सांगायचं. तुमच्या गटातही एकदा विचारून बघा. उत्तर द्यायला कोण अडखळतं, ते कळेल. कदाचित आपणच अडखळू.

सांभाळून राहा, एकमेकींना सांभाळा. सलाम.