नोकरीचा अर्ज लिहिताना



आणखी वर्षा-दोन वर्षांत तुमच्यापैकी बरेच जण नोकरीसाठी अर्ज करू लागतील. कोणी समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात जाईल, कोणी एबेनच्या कचेऱ्यांत, कोणी सरकारी खात्यात. सगळीकडे पहिल्यांदा मागतील तो तुमचा बायोडाटा. आपल्या मॉरिशसमध्ये त्याला सी.व्ही. म्हणतात. तुम्हाला कधी न पाहिलेला माणूस हे एक-दोन पानांचे कागद वाचून तुम्हाला मुलाखतीस बोलवायचे की नाही ते ठरवतो. म्हणूनच ते लिहिताना हात जरा सैल सुटतो.

खोटी प्रमाणपत्रे छापून घेणाऱ्यांविषयी मी बोलत नाही. तो सरळ गुन्हाच आहे. मला बोलायचे आहे ते लहानसहान भर घालण्याविषयी. दुकानात दोन महिने मदत केली, तर सहा महिने लिहायचे. गल्ल्याशेजारी उभे राहिलो, तर 'हिशेबनीस' लिहायचे. फ्रेंच लिहिताना अडखळतो, तरी 'फ्रेंच : उत्तम'. विचारले तर उत्तर तयार असते, "सगळेच असे लिहितात."

पण अशी ओळ मुलाखतीपाशी संपत नाही. 'फ्रेंच : उत्तम' हे वाचूनच तुम्हाला पाहुण्यांच्या तक्रारींना उत्तरे लिहायला बसवतात. समजा, कोणी नावेवरच्या नोकरीसाठी 'पोहता येते' असे लिहिले, आणि खरे तर त्याला कमरेइतक्या पाण्यात हातपाय मारता येतात, एवढेच. त्याला वाटते, वेळ थोडीच येणार आहे! पण मालकाने त्याच दोन शब्दांवर विसंबून दहा पाहुणे त्याच्या हवाली केलेले असतात.

अमेरिकेतील एक खरी घटना सांगतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही तेथील जगप्रसिद्ध संस्था. मॅरिली जोन्स नावाच्या बाई १९७९ साली तिच्या प्रवेश विभागात अगदी लहान जागेवर लागल्या. न मिळवलेल्या पदव्या त्यांनी आपल्या माहितीत लिहिल्या होत्या. काम त्या चांगले करीत. चढत चढत त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. आणि त्या विभागाचे काम काय, तर हजारो मुलांचे अर्ज तपासणे! एप्रिल २००७ मध्ये, म्हणजे २८ वर्षांनी, खरे बाहेर आले आणि त्यांना पद सोडावे लागले. पहिल्या जागेसाठी बहुधा पदवीची गरजच नव्हती, असे संस्थेच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले. मधल्या काळात ती चूक दुरुस्त करण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही, हे जोन्सबाईंनी स्वतःच कबूल केले. मला त्यांच्या राजीनाम्यापेक्षा ती २८ वर्षे अधिक कठीण वाटतात. बढतीच्या प्रत्येक दिवशी त्यांना ती जुनी ओळ आठवली असेल.

याहू कंपनीचे प्रमुख स्कॉट थॉम्पसन यांचेही असेच झाले. त्यांची पदवी हिशेबशास्त्राची होती. त्यांच्या परिचयात संगणकशास्त्रही जोडलेले आढळले, आणि जानेवारी २०१२ मध्ये मिळालेले पद मे महिन्यात गेले.

मग आपले सगळे दोष कागदावर मांडायचे का? मुळीच नाही. बायोडाटा म्हणजे कबुलीजबाब नव्हे. चांगले गुण मिळालेले विषय खुशाल आधी लिहा. पण एच.एस.सी.चा निकाल लागायचा असेल, तर 'निकाल लागायचा आहे' असेच लिहा. भाषांपुढे बोलणे, वाचणे आणि लिहिणे वेगवेगळे दाखवा. मराठीच्या बाबतीतही तसेच करा, आपली भाषा म्हणून तिला फुकटचे गुण देऊ नका!

गंमत अशी की खोटी ओळ घालण्याच्या नादात मुले आपल्याजवळचे खरे लिहायला विसरतात. तुमच्यातले कितीतरी जण घरी क्रेओल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच, आणि या तासाला मराठी, अशा चार भाषा वापरतात. कोणी गणेश चतुर्थीला मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवतो. कोणी झाकरीच्या पथकात लहान मुलांना शिकवते. कोणी सुट्टीच्या दिवशी बाबांबरोबर बाजारात भाजी विकतो आणि सुट्या पैशांत चुकत नाही. याचे प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून हे कोणी लिहीत नाही. 'तीन वर्षे वर्गणीचा हिशेब ठेवला' ही ओळ मालकाला 'नेतृत्वगुण उत्तम' या ओळीपेक्षा पुष्कळ अधिक सांगते. त्यावर त्याने दहा प्रश्न विचारले, तरी तुम्ही न अडखळता उत्तरे द्याल.

आज घरी गेल्यावर एक कोरा कागद घ्या आणि आपला बायोडाटा लिहून पाहा. प्रत्येक तारीख प्रमाणपत्राशी ताडून घ्या. मग तुम्हाला लहानपणापासून ओळखणाऱ्या माणसाला तो वाचून दाखवा. घरात आजी असेल तर उत्तमच. ज्या ओळीला ती हसेल, ती ओळ खोडून टाका.