इंग्रजी वाक्यांतील काळ आणि जागा

नांदेडच्या एखाद्या विद्यार्थ्यानें इंग्रजी निबंधांत पुढील वाक्य लिहिलें, असें समजूं या : 'वॉकिंग अलाँग द रिव्हर, द गुरुद्वारा वॉज सीन.' त्याच्या मनांतलें मराठी वाक्य होतें, 'नदीकांठानें चालतांना गुरुद्वारा दिसला', आणि तें अगदीं निर्दोष आहे. चालणारा कोण, हें मराठी श्रोत्याला सांगावें लागत नाहीं. 'चालतांना' हा शब्द न उच्चारलेल्या 'मला'कडे आपोआप वळतो. इंग्रजी भाषा मात्र असें धातुसाधित वाक्याच्या कर्त्यालाच जोडते. येथें कर्ता गुरुद्वारा. म्हणून हुजूर साहिबची ती भव्य वास्तु गोदावरीच्या कांठानें फिरावयास निघते! 'वॉकिंग अलाँग द रिव्हर, वुई सॉ द गुरुद्वारा' असें लिहिलें कीं चालणारीं माणसें सांपडतात आणि वास्तु जागेवर राहते.

ह्याचें कारण फार खोल नाहीं. 'रामानें आंबा खाल्ला' म्हणा किंवा 'आंबा रामानें खाल्ला' म्हणा. प्रत्यय बरोबर असल्यामुळें खाणारा कोण ह्याविषयीं शंका राहत नाहीं. प्राचीन इंग्रजींतही विभक्तिप्रत्यय होते. ते शतकानुशतकें झिजत गेले आणि त्यांचें काम शब्दाच्या जागेकडे आलें.

'ओन्ली' हा शब्द ह्याच कारणानें फसवितो. आपला 'च' ज्या शब्दाला हवा त्यालाच चिकटतो. 'ओन्ली टीचर्स विल बी पेड इन जून' म्हणजे जूनमध्यें शिक्षकांनाच पैसे मिळतील; 'टीचर्स विल बी पेड ओन्ली इन जून' म्हणजे शिक्षकांना जूनमध्येंच मिळतील. पहिल्या वाक्यानें शाळेचा कारकून रागावेल. दुसऱ्यानें शिक्षक अकरा महिने उपाशी राहतील.

काळाची चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हे. लातूरचा एक तरुण शिक्षक नव्या जागेसाठीं अर्ज करतो आणि मुख्याध्यापकांकडे अनुभवाचा दाखला मागतो, असें धरूं या. 'ह्यांनीं येथें दहा वर्षें काम केलें आहे' हें मराठी वाक्य नोकरींत असलेल्यालाही लागू पडतें आणि सोडून गेलेल्यालाही. इंग्रजींत तशी मोकळीक नाहीं. 'ही हॅज वर्क्ड हिअर फॉर टेन यिअर्स' म्हणजे तो अजून तेथेंच आहे, असा सामान्यतः अर्थ होतो. 'ही वर्क्ड हिअर फॉर टेन यिअर्स' म्हणजे तो गेला. नोकरींत असलेल्या माणसाच्या दाखल्यावर दुसरें वाक्य पडलें, तर परगांवचा अधिकारी विचारणारच, 'मग तेथून काढलें कां?'

'पासून' हाही असाच एक चकवा. '१९९० पासून' आणि 'दहा वर्षांपासून' ह्या दोहोंना मराठींत एकच शब्द पुरतो. इंग्रजींत आरंभाच्या क्षणाला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर' लागतें. शिवाय 'ही इज टीचिंग' न म्हणतां 'ही हॅज बीन टीचिंग' म्हणावें लागतें. ह्या प्रांतांत ही खोड मुरण्यास आणखी एक कारण झालें असावें. निजामाच्या राज्यांत, म्हणजे सप्टेंबर १९४८ पर्यंत, येथील पुष्कळ मुलें घरीं मराठी बोलत आणि वरच्या इयत्तांत उर्दूंतून शिकत. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच होतें. उर्दूंतला 'से' नेमका आपल्या 'पासून'सारखा, त्यामुळें घर आणि शाळा दोन्हीकडून एकाच चुकीला खतपाणी मिळे.

'काल मीं त्याला पाहिलें आहे' हें मराठींत चालतें, म्हणून 'आय हॅव्ह सीन हिम येस्टर्डे' लिहिलें जातें. काल, परवां, १९६० सालीं असा ठराविक गतकाळ वाक्यांत आला कीं 'हॅव्ह'ला तेथें थारा नाहीं. 'आय सॉ हिम येस्टर्डे' एवढेंच पुरे. आणि 'तो येईल तेव्हां मला सांगा' ह्याचें इंग्रजी करतांना आपल्या 'येईल'ला घरींच ठेवावें : 'टेल मी व्हेन ही कम्स.'