कचरा अवकाशातला, गणित नववीचं

2 एप्रिल 2022 ची, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचं गाव आहे. तिथे सामुदायिक जेवणाची तयारी चालली होती. अचानक आकाश लाल झालं आणि मोठा आवाज करत धातूची एक भलीमोठी कडी गावातल्या मोकळ्या जागेवर येऊन आदळली. व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोंच्या वर. आसपासच्या परिसरात धातूचे गोळेही सापडले. इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तपासणी करून गेले. फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च रॉकेटचा हा टप्पा असावा, असा अंदाज अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी व्यक्त केला. कोणाला इजा झाली नाही, हे गावाचं नशीब.

लाडबोरी आणि आपलं नाशिकचं इंदिरानगर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मध्ये सहाशे किलोमीटर अंतर. कक्षेतल्या वस्तूला ते कापायला दीड मिनिटसुद्धा लागत नाही.

राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘अवकाश मोहिमा’ हा धडा आहे, आणि त्यात या अवकाशातल्या कचऱ्याचाही विषय आहे. आपल्या मुली तो वाचतात, प्रश्नोत्तरं पाठ करतात, मार्क मिळवतात. पण इथे थांबून हिशेब करायला हवा. तो तर नववीतच येतो. ‘कार्य आणि ऊर्जा’ या धड्यातलं सूत्र घ्यायचं: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. एक ग्रॅमचा तुकडा सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने आदळला, तर ऊर्जा येते पन्नास हजार ज्यूल. एक टन वजनाची मोटार ताशी 36 किलोमीटर वेगाने भिंतीवर आपटली, तरी उत्तर तेवढंच! वहीच्या अर्ध्या पानात हे गणित सुटतं. ते स्वतः सोडवलेल्या मुलीला उपग्रहाची काळजी का करायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.

1983 च्या जून महिन्यात सॅली राइड ही अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर चॅलेंजर यानातून गेली. त्याच फेरीत रंगाच्या एका कणाने यानाच्या खिडकीला खड्डा पाडला. कण मिलिमीटरहून लहान होता, तरी काच बदलावी लागली. चार दशकांनंतर, जून 2024 मध्ये, रशियाचा एक निकामी उपग्रह फुटला, तेव्हा सुनीता विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अंतराळ स्थानकातून आपापल्या यानांत जाऊन बसावं लागलं. कचरा वाढतोच आहे, आणि त्यात सगळ्यांचा वाटा आहे. 2001 साली आपल्या पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेत फुटला आणि त्याचे शेकडो तुकडे झाले. त्यानंतर काम संपलं की टाकीत उरलेलं इंधन सोडून द्यायची पद्धत इस्रोने अंगीकारली. उपाय तसा साधा, पण कोणाला तरी तो सुचावा लागतो.

असा उपाय शाळकरी मुलीलाही सुचू शकतो. फ्लोरिडातल्या अँबर यांगने शाळेत असतानाच कचऱ्याचे तुकडे पुढे कुठे असतील, याचा अंदाज बांधणारा संगणक प्रोग्राम तयार केला. 2017 मध्ये इंटेलच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धेत तिला त्यासाठी मोठा पुरस्कार मिळाला.

आपल्याकडचं उदाहरण जास्त बोलकं आहे, कारण ते फसलं होतं. देशभरातल्या 75 सरकारी शाळांतल्या 750 मुलींनी चेन्नईच्या स्पेस किड्झ इंडिया संस्थेबरोबर ‘आझादीसॅट’ या उपग्रहासाठी छोटी उपकरणं जोडली. 7 ऑगस्ट 2022 रोजी उड्डाण झालं. पण उपग्रह वर्तुळाकार कक्षेऐवजी लंबवर्तुळाकार कक्षेत गेला. पृथ्वीपासून सर्वांत जवळचं अंतर अवघं 76 किलोमीटर! तिथल्या हवेने त्याला ओढून खाली आणलं. मुलींनी हार मानली नाही. 10 फेब्रुवारी 2023 ला ‘आझादीसॅट-2’ साडेचारशे किलोमीटर उंचीच्या कक्षेत पोचला. कचऱ्याचं मर्मही याच प्रसंगात आहे. खालच्या कक्षेतल्या वस्तूला हवा खाली ओढून आणते. आठशे किलोमीटरवरची वस्तू मात्र शतकभरसुद्धा फिरत राहते. म्हणून पीओईएम-3 या प्रयोगात इस्रोने रॉकेटचा टप्पा साडेसहाशेवरून साडेतीनशे किलोमीटरवर उतरवला, आणि मार्च 2024 मध्ये तो पॅसिफिक महासागरावर वातावरणात शिरून नष्ट झाला.

असे प्रयोग शाळेतही होऊ शकतात, पण विज्ञान प्रदर्शनात पुष्कळदा मुलींच्या वाट्याला तक्ता रंगवायचं काम येतं आणि पक्कड-पाना मुलांच्या हातात जातो. अक्षर चांगलं म्हणून मुलीला तक्ता, हे कौतुक नव्हे, तिला बाजूला ठेवणं आहे. ही वाटणी मोडायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. 2018 मध्ये युरोपातल्या ‘रिमूव्हडेब्री’ या उपग्रहाने कक्षेत जाळं फेकून लक्ष्य पकडून दाखवलं. त्याची नक्कल वर्गात होते. कांद्याच्या जाळीदार गोणीचा चौकोनी तुकडा कापायचा आणि चारही कोपऱ्यांना नट बांधायचे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपात ते सहज मिळतात. प्लास्टिकची बाटली दोऱ्याने टांगून पीळ देऊन सोडायची आणि दोरी बांधलेलं जाळं फेकायचं. नट हलके असले तर जाळं घसरून पडतं. जड असले तर कोपरे पुढे जाऊन बाटलीला वेढा घालतात. मग खरी अडचण पुढे येते: गरगर फिरणारी बाटली जाळ्याच्या दोरीलाही पीळ घालते. कक्षेतले निकामी उपग्रह असेच गरगरत असतात, आणि त्यांना धरून खाली आणायचा स्वस्त, भरवशाचा मार्ग अजून कोणाकडे नाही. किती गिरक्यांपर्यंत जाळं टिकतं, याची नोंद वहीत तारीख घालून ठेवली, की तो प्रकल्प झाला.

2030 पर्यंत भारताच्या सगळ्या अवकाश मोहिमा कचरामुक्त करायचं उद्दिष्ट इस्रोने 2024 मध्ये जाहीर केलं आहे. आज नववीत असलेली मुलगी तोवर पदवीच्या वर्गात असेल. नववीच्या विद्यार्थ्यांसाठी इस्रोचा ‘युविका’ हा उपक्रम आहे, आणि सहावी व नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. इंदिरानगर, राणेनगर, सिडकोतल्या शाळांनी दोन्हींची माहिती सूचना फलकावर लावावी. पालकांनी अर्ज भरायला मुलीच्या शेजारी बसावं. आणि प्रकल्पाच्या दिवशी तक्ता कोण रंगवणार, हे गटात चिठ्ठ्या टाकून ठरू द्यावं.