नवी गाडी परत करता येते का?



हैदराबादच्या कोठीत सुलतान बाजाराकडे निघालं की एखाद्या तरी गल्ल्यामागे पाटी दिसतेच: 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पाटी असली तरी ओळखीचा दुकानदार साडीचा रंग बदलून देतो. गाडीच्या शोरूममध्ये अशी पाटी नसते. तिथे सोफा असतो, चहा येतो, चावी हातात देताना फोटो काढतात. आणि विकलेली वस्तू परत घ्यायची वेळ आली की तिथेच सगळ्यांचे चेहरे बदलतात.

त्याला कारणही आहे. गाडी आपल्या नावावर नोंदली जाते, रोड टॅक्स भरला जातो, विमा उतरतो, कर्ज असेल तर आरसीवर बँकेचं नाव चढतं. मग गाडी शोरूममधून निघून पेद्दम्माच्या देवळापर्यंत पूजेला जाऊन आली असली, तरी बाजाराच्या लेखी ती जुनीच. त्यामुळे रंग आवडला नाही, मायलेज कमी वाटलं, मेव्हण्याला स्वस्तात मिळाली, अशा कारणांसाठी गाडी परत देण्याचा हक्क आपल्या कायद्यात नाही. आपल्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत. तिकडे तीन दिवसांत गाडी परत करता येते, असं त्यांच्याकडून ऐकलं असेल. पण तिथला केंद्रीय 'कूलिंग ऑफ' नियमसुद्धा डीलरच्या शोरूममध्ये घेतलेल्या गाडीला लागू होत नाही. तिथला प्रसिद्ध 'लेमन लॉ' आहे तो वारंवार बिघडणाऱ्या गाड्यांसाठी.

गाडीत दोष असेल किंवा विकताना फसवणूक झाली असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक आयोग दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा ठरते. हे वाचून हुरूप येतो खरा, पण पुढचा प्रश्न चिवट असतो: दोष कशाला म्हणायचं? 2006 साली मारुतीच्या एका गाडीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तक्रार क्लचची होती आणि आधीच्या निकालात गाडीच बदलून द्यायला सांगितलं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी आहे, तेवढ्यासाठी सबंध गाडी बदलून मागता येणार नाही, असा निकालाचा मथितार्थ. म्हणजे दोष मुळातला, कारखान्यातून आलेला आहे, हे दाखवावं लागतं, आणि त्याला तज्ज्ञाचा अहवाल लागतो.

मुसीकाठच्या आपल्या हायकोर्टातून गेलेलं एक प्रकरण तर डोळे उघडणारं आहे. 25 सप्टेंबर 2009 रोजी एका कंपनीने बीएमडब्ल्यूची महागडी गाडी घेतली. चारच दिवसांत ती बिघडली, नोव्हेंबरात पुन्हा. खरेदीदाराने फसवणुकीचा फौजदारी गुन्हा नोंदवला. 2012 मध्ये हायकोर्टाने तो गुन्हा रद्द केला, पण गाडी नवी द्या असंही सांगितलं. गाडी द्यायला बीएमडब्ल्यू तयार होती. खरेदीदाराला मात्र व्याजासह पैसे हवे होते. अखेर 10 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 50 लाख रुपये देऊन प्रकरण मिटवायला सांगितलं. जवळजवळ पंधरा वर्षं! माझं मत विचाराल तर बिघडलेल्या गाडीसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढणं हा सगळ्यात लांबचा रस्ता.

गोव्यातल्या एका गृहस्थांची कहाणी निराळी आहे. त्यांनी पैसे मोजले 2011 च्या मॉडेलचे आणि पदरात पडली 2009 साली बनलेली गाडी. आधीच 622 किलोमीटर धावलेली, खालून गंजलेली, वर ओरखडे. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यात टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं आणि डीलरची जबाबदारी कायम ठेवली, कारण कंपनीला यातलं काही माहीत होतं असं सिद्ध झालं नव्हतं. तेव्हा तक्रार करताना डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करावं. चूक कोणाची, हे त्यांना आपसात ठरवू द्या.

ही फसवणूक पकडता येते, पण चावी घेण्याआधी. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 21 वर, गाडी कोणत्या महिन्यात आणि साली बनली ते लिहिलेलं असतं. किलोमीटरचा आकडा बघा, गाडीखाली वाकून बघा. मुहूर्त टळेल म्हणून घाई करणारे नातेवाईक सोबत असतातच, त्यांना जरा थांबवा. नोंदणीआधी खोट सापडली तर हटून बसायला जागा असते.

नंतर बिघाड झाला तर दर वेळी जॉब कार्ड घ्या आणि त्यावर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहायला लावा. 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलेलं कार्ड पुढे काही कामाचं नसतं. वर्कशॉपमधला मुलगा तोंडी 'हो जाएगा साब' म्हणतो, पण त्याची नोंद कुठेच राहत नाही. फोनपेक्षा ईमेल बरा. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: 50 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तोच, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांच्या गाडीला दोनशे रुपये.

आणि एक. तक्रार चालू असताना रागाच्या भरात बँकेचे हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे, डीलरशी नाही. हप्ते थकले की बँक गाडी ओढून नेते आणि ज्या गाडीची तपासणी व्हायची, तीच तुमच्या ताब्यात उरत नाही.